खडखड आधी ऐकावी, मग पाना हाती घ्यावा



आपल्या घरांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. हिरो होंडाने १९८५ साली सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर बाजारात आणली. तेव्हापासून थोड्या पेट्रोलवर बरेच पळणारी ही शंभर सीसीची गाडी कामगाराच्या दारात उभी राहू लागली. पहिल्या पाळीला हजर राहायचे, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचे, आईला दवाखान्यात न्यायचे, गिरणीतून दळण आणायचे, ही सगळी कामे तीच करते. गाडी एक दिवस बंद पडली तर तो दिवस बिनपगारी जातो. म्हणूनच गाडीतून नवी खडखड ऐकू आली की आपल्या छातीत धस्स होते.

या खडखडीपायी माणसे दोन टोकांना जातात. काहीजण ‘जुनी गाडी आहे, वाजायचीच’ म्हणून सोडून देतात. काहीजण घाबरून थेट गॅरेजात जातात आणि ‘इंजिन बघा’ एवढेच सांगून घरी परततात. पहिल्या वाटेने जीव धोक्यात येतो, दुसऱ्या वाटेने खिसा. आज आम्ही तिसरी वाट सांगणार आहोत. खडखड कुठून येते हे शोधायला महागडी हत्यारे लागत नाहीत. कान, थोडा वेळ आणि ओळीने विचारलेले पाच-सहा प्रश्न एवढ्यावर बहुतेक काम होते.

पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यातील वाचकांना खडखड म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि दहा वर्षे उलटली तरी ते पुरे झाले नव्हते. त्या काळात या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांनी किती खड्डे सोसले याचा हिशेब कोण ठेवणार? त्यात हा खारेपाटाचा मुलूख. चार महिने धो धो पाऊस आणि बाकीचे महिने खारी, दमट हवा. खड्डा नट ढिला करतो, खारी हवा लोखंड खाते. आपल्याकडच्या गाड्या वाजू लागतात त्याला बहुतेक वेळा हीच दोन कारणे असतात. इंजिनाचा नंबर त्यानंतर लागतो.

आता पहिली गोष्ट. आवाजाला नाव द्या. आपल्या मराठीत आवाजांना इतके शब्द आहेत की मेकॅनिकला अर्धे निदान त्यातूनच कळते. पत्रा पत्र्यावर आपटला की खडखड. नंबरप्लेटसारखी पातळ पट्टी थरथरली की छनछन. डब्यात काहीतरी सुटे झाले की खुळखुळ. इंजिनाच्या डोक्यावरून येणारी बारीक, घाईची ती टकटक. पोटातून येणारा जड आवाज तो ठकठक. कोरडी चेन किरकिरते, खराब झालेले बेरिंग घरघरते, ब्रेक कुईकुई करतो. ‘गाडी आवाज करते’ असे सांगण्याऐवजी ‘तिसऱ्या गियरात, खड्ड्यावर, मागून खडखड येते’ असे सांगितले तर समोरच्याचा तास वाचतो आणि आपले पैसेही वाचतात.

दुसरी गोष्ट. एक कागद घ्या आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

पहिला प्रश्न : गाडी जागेवर उभी असताना इंजिन चालू ठेवले तर आवाज येतो का? गाडी अंगणात, मोकळ्या हवेत, डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये सुरू करावी. बंद खोलीत किंवा पडवीत इंजिन चालू ठेवू नये, धुरातील विषारी वायू जिवावर बेततो. उभ्या गाडीत आवाज आला तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा इंजिनाच्या थरथरीने हलणाऱ्या एखाद्या भागाचा आहे. आला नाही तर चाके, चेन, ब्रेक, शॉकअप यांच्याकडे वळावे.

दुसरा प्रश्न : इंजिन बंद करून गाडी हाताने ढकलली तर आवाज येतो का? सकाळी रस्ता शांत असताना गाडी न्यूट्रलमध्ये वीस-तीस पावले ढकलत न्यावी. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे चाकाचे बेरिंग, ब्रेक आणि चेन यांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते.

तिसरा प्रश्न : आवाज मोजता येतो का? हा प्रश्न फार कामाचा आहे. आपल्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे पावणेदोन ते दोन मीटर असतो. ताशी २० किलोमीटरने जाताना चाक एका सेकंदाला साधारण तीन फेरे घेते. म्हणजे चाकाशी बांधलेला आवाज ‘कट, कट, कट’ असा मोजता येतो. इंजिन मात्र नुसते उभ्या गाडीत हळू चालत असले तरी सेकंदाला वीसच्या वर फेरे घेते. तो आवाज मोजता येत नाही, एकसारखा लागून येतो. चेनची एखादी कडी आखडली असेल तर तिचा आवाज चाकाच्या दोन-अडीच फेऱ्यांत एकदा येतो. तेव्हा ठेका ओळखला की घर ओळखले.

चौथा प्रश्न : क्लच दाबला तर काय होते? सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू जाताना क्लच दाबून रेस सोडावी. इंजिन मंद झाले तरी आवाज त्याच ठेक्यात चालू राहिला तर दोष चाक-चेन-ब्रेक या बाजूला. इंजिनाबरोबर आवाजही मंदावला तर दोष इंजिनाच्या बाजूला. मात्र चालत्या गाडीची चावी बंद करून हा प्रयोग कधीही करू नये.

पाचवा प्रश्न : खड्ड्यावरच येतो, की एका ठराविक वेगालाच येतो? खड्ड्यावर येणारी खडखड ही ढिल्या नटाची, सैल चेनची किंवा शॉकअपची असते. ठराविक वेगाला येऊन पुढे गप्प होणाऱ्या आवाजाचे कारण निराळे आहे. झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का देत गेले की तो उंच जातो, भलत्या वेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. तसाच गाडीच्या प्रत्येक पत्र्याला आणि पट्टीला डोलण्याचा स्वतःचा ठेका असतो. इंजिनाची थरथर त्या ठेक्याशी जुळली की पत्रा नाचू लागतो, वेग बदलला की थांबतो. म्हणून ‘चाळीसला वाजते, पन्नासला वाजत नाही’ असे झाले की इंजिन खोलण्याची घाई करू नये. आधी ढिला पत्रा शोधावा.

सहावा प्रश्न : आवाज सुरू होण्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते? पंक्चर, चेन बदलणे, ब्रेक-लायनर, धुलाई, काहीही असो, आठवून लिहावे. हा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला असला तरी जीव वाचवणारा प्रश्न हाच आहे.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पेणमध्ये राहणारे एक कंत्राटी कामगार आहेत. गाडी बारा वर्षांची. आठवडाभरापासून मागून ठकठक येते. एका गॅरेजात इंजिनाचे मोठे काम सांगितले. एवढे पैसे आणायचे कोठून? मग रविवारी नवरा-बायको दोघे कागद घेऊन बसतात. उभ्या गाडीत आवाज येतो का? नाही. म्हणजे इंजिन सुटले. ढकलताना? नाही. खड्ड्यावर? येतो. आणि ब्रेक दाबताच एकदा जोरात ‘ठक’ होते. तेवढ्यात बाई म्हणतात, “अहो, आवाज माझ्या उजव्या पायाच्या मागून येतोय. आणि त्या दिवशी पंक्चर काढलं ना, तेव्हापासूनच.”

ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकच्या गोल झाकणापासून मागच्या फोर्कपर्यंत एक लोखंडी पट्टी बसवलेली असते. ब्रेक दाबला की चाक त्या झाकणालाही आपल्याबरोबर फिरवू पाहते, त्याला अडवून धरण्याचे काम ही पट्टी करते. पंक्चर काढताना चाक उतरवण्यासाठी पट्टीचा नट सोडावा लागतो. परत बसवताना तो नीट आवळला गेला नाही, किंवा त्यात घालायची छोटी पिन राहून गेली, तर खड्ड्याखड्ड्यावर नट फिरत फिरत बाहेर येतो. एक दिवस तो पडला आणि त्याच वेळी जोरात ब्रेक दाबला, तर झाकण गरकन फिरते, ब्रेकचा रॉड वाकतो आणि चाक एकदम जाम होऊ शकते. मागे बायको-मुले बसली असतील तर काय होईल ते सांगायला नको. दोष किरकोळ पिनेचा, पण ठकठक ऐकू येत असतानाही सोडून दिली तर किंमत माणसाची.

म्हणून पंक्चर काढल्यावर दुकानातच खाली वाकून तीन ठिकाणी बघण्याची सवय लावून घ्यावी. चाकाच्या मुख्य दांड्याचा नट आवळला आहे का? ब्रेकच्या पट्टीचा नट आणि पिन जागेवर आहे का? ब्रेकच्या रॉडचा नट पूर्वीसारखा आहे का? यात कुणावर अविश्वास दाखवायचा नसतो. पंक्चरवाला दादाही घाईत असतो, तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस. दोघांनी मिळून पाहिले की दोघांनाही बरे.

या उदाहरणात आवाजाची जागा मागे बसणाऱ्या बाईंनी सांगितली, ही गोष्टही लक्षात घ्यावी. चालवणाऱ्याचे डोके हेल्मेटमध्ये असते, कानावर वारा असतो आणि लक्ष रस्त्यावर असते. मागे बसणाऱ्याच्या पायाला, मांडीला थरथर जाणवते, कोणत्या बाजूने आवाज येतो ते कळते. तेव्हा ‘तुला गाडीतलं काय कळतं’ असे म्हणू नये. आता कितीतरी घरांत मुली-सुना स्वतःच गाडी चालवतात. हे प्रश्न त्यांनाही शिकवावेत.

आता हाताने करायची तपासणी. गाडी थंड असावी, इंजिन बंद असावे, चावी खिशात असावी. ही अट सर्वांत मोठी. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून फिरत्या चेनला फडके लावणारे लोक आम्ही पाहतो. चेन आणि दात्यांच्या चक्राच्या मध्ये बोट सापडले की ते तुटूनच निघते. चाक नेहमी हाताने फिरवावे.

सुरुवात बाहेरून करावी. नंबरप्लेट, मडगार्ड, चेनकव्हर, लेगगार्ड, साइडबॉक्सचे झाकण, आरसे, कॅरियर, दोन्ही स्टँड आणि त्यांच्या स्प्रिंगा हाताने एकेक हलवून पाहाव्यात. साइडबॉक्समधले पाने फडक्यात गुंडाळून ठेवावेत, तेही कधीकधी इंजिनासारखे वाजतात. जो भाग हलतो त्याचा नट आवळावा. नट गंजला असेल किंवा आटे गेले असतील तर नवा घालून खाली स्प्रिंग वायसर द्यावी. दोन पत्र्यांच्या मध्ये जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा घातला की खडखड थांबते. हे सगळे काही रुपयांत होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. साडीगार्ड वाजू लागले की काहीजण ते काढूनच टाकतात. असे कदापि करू नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचे निदान अर्धे चाक झाकणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की क्षणात माणूस खाली ओढला जातो. साडीगार्ड वाजत असेल तर त्याचा बोल्ट बदलावा, साडीगार्ड फेकू नये.

मग चेन. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावे. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेंटीमीटर झोळ ठीक असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे. झोळ जास्त असला की चेन कव्हरवर आपटते. पण आवाज बंद व्हावा म्हणून ती तारेसारखी ताणूही नये. दोन माणसे बसली की ती आणखी ताणली जाते आणि बेरिंगांवर भार येतो. आपल्याकडे पावसाळ्यात चेन साफ करून तेल देण्यात आळस केला तर ती पंधरा दिवसांत लाल होते.

पुढे चाके. तारांची चाके असतील तर प्रत्येक तारेवर पान्याने हलकी टिचकी मारावी. बाजारात मडके घेताना आपण वाजवून घेतो ना, तसेच. ताठ तार खणकन वाजते, ढिली तार मुकी वाजते. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवावे. नुसते चाक हलले तर बेरिंग, चाकाबरोबर फोर्कही हलला तर फोर्कचे बुश. मग गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि गाडी पुढे-मागे हिसकावी. हँडलखाली ‘कट’ झाले तर कोन सेट ढिला आहे. ही दोन्ही कामे मेकॅनिककडूनच करून घ्यावीत आणि तोवर गाडी लांब नेऊ नये.

सायलेन्सर पूर्ण थंड असताना हाताने थोपटून पाहावा. आत खुळखुळले तर आतली जाळी सुटली आहे. त्याचा इंजिनाजवळचा नट आणि मागचा मोठा बोल्ट, दोन्ही तपासावेत. खाऱ्या हवेत सायलेन्सर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून कुजतो.

एवढे करून आवाज इंजिनाचाच ठरला तर पहिले काम ऑइल पाहण्याचे. गाडी सपाट जागी उभी करून पट्टी काढावी. लहान गाडीच्या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असते, त्यातले पावभर कमी झाले तरी फार कमी झाले. ऑइल बरोबर असेल तर आवाजाची जागा शोधावी. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लायनेक यांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. जुने मेकॅनिक तीच युक्ती करतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या झाकणाला टेकवायचे आणि मूठ कानाजवळच्या हाडाला. जेथे आवाज सर्वांत मोठा, तेथे दुखणे. हे करताना फिरत्या भागांपासून आणि तापलेल्या सायलेन्सरपासून दूर राहावे.

डोक्यावरची बारीक टकटक बहुधा टॅपेटची असते. ती थोडी असली तर चिंता नको. टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजावी अशी फट ठेवावीच लागते. ‘अजिबात वाजता कामा नये’ असा हट्ट धरून टॅपेट आवळून घेतले तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. राजदूत किंवा आरएक्स १०० अशी जुनी टू-स्ट्रोक गाडी असेल तर तिला टॅपेट नसतातच, तेव्हा तिचे ‘टॅपेटचे काम’ कोणी सांगितले तर सावध व्हावे. रेस सोडताना येणारी खळखळ टायमिंग चेनची असू शकते. क्लच दाबताच बंद होणारा आवाज क्लचच्या घरातला असू शकतो. कर्नाळ्याच्या किंवा कार्ले खिंडीच्या चढावर, मोठ्या गियरात रेस दिल्यावरच कडकड येत असेल तर आधी गियर खाली घ्यावा. आवाज थांबला तर इंजिनावर ताण पडत होता एवढेच. मात्र पोटातून जड ठकठक येऊ लागली आणि ती रेसबरोबर वाढत गेली, तर गाडी तेथेच बंद करावी आणि ढकलत न्यावी. पुढचे पाच किलोमीटर फार महाग पडतात.

गॅरेजात जाताना तो कागद बरोबर न्यावा. आवाज कधी येतो ते सांगावे, कोणता भाग बदला ते आपण सांगू नये. मेकॅनिकला मागे बसवून एक फेरी मारावी, म्हणजे तोही ऐकेल. खर्च आधी विचारावा. बदललेला जुना भाग परत मागावा, तो मागण्यात संकोच कसला? आणि चांगल्या कारागिराचे कष्टाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. पाने चालवणारे हात आपल्याच वस्त्यांतले असतात. आयटीआयमध्ये शिकलेल्या आपल्या मुलांची दुकाने आपण सांभाळायची नाहीत तर कोणी?

२० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर जाण्यासाठी पेण-पनवेल बाजूची कितीतरी कुटुंबे मोटारसायकलने याच महामार्गाने निघतात. निघण्याच्या दिवशी पहाटे घाईने नव्हे, तर आदल्या रविवारी अर्धा तास काढून वरील तपासणी करावी. चेन, ब्रेकची पट्टी, चाकांचे नट, ऑइल आणि टायरमधील हवा एवढे पाहिले तरी पुरे. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला पान्यांची पिशवी सांभाळायला द्यावी आणि प्रत्येक नटाचे काम काय ते समजावून सांगावे.

खडखड म्हणजे गाडीने वेळेवर दिलेली सूचना होय. ज्या घरात ती ऐकली जाते, त्या घरातला माणूस संध्याकाळी सुखरूप दारात येतो. पुढच्या अंकी आपण ब्रेकविषयी बोलू. लायनर झिजल्याचे बाहेरून कसे ओळखावे आणि पावसात ब्रेक कसा दाबावा, ते पाहू.